लिओफ्रिकचं नाव

रिटायर झाल्यावर सीमा पेंडसेला बाळं दिसायला लागली. झोपेत नव्हे, चांगली टक्क जागी असताना.

कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात तिनं तेहेतीस वर्षं बाळांच्या वॉर्डात काढली होती. तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती, मग आठवायला कुठून असणार? आता सकाळचा चहा घेऊन ती मागच्या खिडकीशी बसली, की बागेवर उतरलेल्या धुक्यातून ती एकेक करून यायची. कपाळाला आठी घालूनच जन्मलेलं एक. मुठीत आईचा केस घट्ट धरून ठेवलेलं एक. पहिल्या रडण्याऐवजी शिंकलेलं एक. चेहरे लख्ख होते, नावं मात्र पार पुसलेली.

"अहो, आज ते जुळं आलं होतं," ती नवऱ्याला सांगायची. "एक रडायला लागलं की दुसरं झोपणारं."

"चहा घेतला का त्यांनी?" राजीव वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचा. आयुष्यभर त्यानं लेथ मशीनवर काम केलेलं. जे मोजता येत नाही त्याच्याशी त्याचं भांडण नव्हतं, पण तो त्याच्या वाटेलाही जात नसे.

एकच बाळ असं होतं, ज्याचं नाव सीमाला पक्कं आठवत होतं. त्याच्याबद्दल मात्र ती राजीवजवळ कधी चकार शब्द बोलली नव्हती. आणि २००४ च्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, त्याच बाळाचं पत्र आलं.

"प्रिय मिसेस पेंडसे," निळ्या शाईतलं ठसठशीत अक्षर होतं. "तुम्ही मला ओळखणार नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये फोल्सहिल रोडजवळच्या एका लाँड्रेटमध्ये, नाणी टाकून कपडे धुतात त्या दुकानात, एक बाळ सापडलं होतं. ते बाळ मी. माझ्या दत्तकाच्या फाइलमध्ये एक ओळ आहे: 'नाव आईनेच सांगितले, स्टाफ नर्स एस. पेंडसे यांच्याकडून समजले.' तुमच्या जुन्या नर्सेसच्या मंडळाकडून पत्ता मिळाला. तुमची हरकत नसेल तर एकदा भेटायला येऊ का?" खाली सही: लिओफ्रिक हार्डिंग.

सीमानं पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. हातातला चहा निवून गेला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी तो आला. दारातून आत येताना त्याला मान किंचित वाकवावी लागली, इतका उंच. तळवे रुंद, नखांच्या कडांना लाकडाच्या चिकाचा काळपट डाग. तो कालव्यांच्या कामावर सुतार होता. एका पातळीच्या पाण्यातून दुसऱ्या पातळीच्या पाण्यात बोटी चढउतार करतात त्या लॉकचे ओक लाकडाचे प्रचंड दरवाजे तो बनवायचा, आणि राहायचाही बोटीवरच. सध्या ती बोट हॉक्सबरी जंक्शनला बांधलेली होती.

त्यानं सोफ्याच्या अगदी कडेवर बसून चहा घेतला. चिवडा आवडला, दुसऱ्यांदा घेतला. सीमा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या मोठ्या माणसात ते इवलंसं तोंड कुठे गेलं असेल? मग तो हसला, डाव्या गालाला खालच्या बाजूला बारीक खळी पडली, आणि तिला ते सापडलं.

"सगळे मला ली म्हणतात," तो म्हणाला. "पण शाळेत रजिस्टरवर पूर्ण नाव. पोरं काय काय म्हणायची ते तुम्हाला सांगत नाही. घोड्यावरून नागडी गावभर फिरलेल्या गोडायव्हा बाईचा नवरा, तुझी बायको कपडे घालून आली का रे, असलं सगळं. दोनदा मारामारी केली, एकदा दात पडला. डॅड म्हणाले, बदलून टाकू, जॉन ठेवू. मी आठ वर्षांचा होतो. तेव्हा मम्नं मला बाजूला घेऊन सांगितलं, हे नाव तुझ्या जन्मदात्या आईनं दिलंय, तिनं तुला दिलेली हीच काय ती एक वस्तू. त्यानंतर मी कुणाला ते बदलू दिलं नाही."

राजीवनं मान डोलावली. सीमा कपबशीकडे बघत राहिली.

"त्या लाँड्रेटवाल्या बाई वारल्या," तो पुढे म्हणाला. "तुमच्या वॉर्डच्या सिस्टरही गेल्या. आता ह्या जगात तुम्हीच एकट्या. आई नेमकं काय म्हणाली होती? कुठल्या शब्दांत? हेच नाव का? तुम्हाला काही आठवतं का?"

सीमानं कपबशी टेबलावर ठेवली.

"फार धुकं होतं त्या दिवशी," सीमा म्हणाली. "फार." आणि तिला पुढे काही बोलताच येईना.

त्याला वाटलं, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, विसरणं साहजिक आहे. तो घाईघाईनं म्हणाला, "असू द्या, असू द्या. तुम्ही मला उचलून घेतलं होतं, तुम्हाला पाहिलं, एवढंसुद्धा पुष्कळ आहे." निघताना दारात तो जरा थांबला. "माझ्या केरीला दिवस गेलेत, जानेवारीतली तारीख दिलीय. मुलगा झाला तर हेच नाव ठेवणार आम्ही. त्याच्या आजीनं दिलेलं."

तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत सीमा दारात उभी होती.

आत आल्यावर तिनं राजीवला सगळं सांगितलं. तीस वर्षं उशिरा.

त्या हिवाळ्यात देशात कोळशाचा खडखडाट होता. कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत. दुकानांच्या पाट्या विझलेल्या, आणि वरून फेब्रुवारीचं धुकं, असं की बसमधून उतरलेला माणूस चार पावलांत नाहीसा व्हायचा. सीमाला इंग्लंडला येऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मिरजेला नर्सिंग शिकलेली, सांगलीची मुलगी. इंग्रजी वाचता यायचं, पण इथल्या लोकांच्या तोंडचं इंग्रजी कानाला लागायचं नाही. दिवसभर ती माना डोलवायची आणि घरी येऊन मुकी बसायची.

त्या दिवशी दुपारी पोलिसानं एक बाळ आणलं. लाँड्रेटमधल्या ड्रायरवर ठेवलेलं मिळालं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. मालकीणबाई मागे चहा करायला गेल्या आणि येऊन बघतात तर हे. त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं. बाळ चार-पाच तासांचं असेल. ते सीमाच्या हातात आलं आणि रडायचं थांबलं.

असं बेवारशी मूल आलं की नाव ठेवायचं काम वॉर्डच्या मुख्य सिस्टर मलकेहींचं. बाई मायाळू होत्या, पण त्यांना कामाचा निपटारा प्रिय. पोलिसाचं नाव पीटर होतं आणि बाहेर धुकं होतं, तेव्हा त्यांनी पेन उघडून म्हटलं, "पीटर फॉग. लिहा."

सीमाला वाटलं, दारात आलेल्या मांजराला ठेवावं, तसं नाव. पोलीस उद्या विसरेल आणि धुकं संध्याकाळपर्यंत विरेल. माणसाला आयुष्यभर असं नाव?

"आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावं?" सीमा राजीवला म्हणाली. "मी म्हटलं, सिस्टर, लाँड्रेटच्या बाई म्हणत होत्या की एक मुलगी त्याला ठेवून जाताना बोलली, ह्याचं नाव लिओफ्रिक. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते. सिस्टरचा चेहराच बदलला. त्या म्हणाल्या, देव तिचं भलं करो. आणि लिहून टाकलं. पुढे पोलिसांनी त्या बाईंना विचारलंही म्हणे, पण त्या इतक्या भांबावलेल्या की 'म्हणाली असेल बुवा' म्हणून मोकळ्या झाल्या."

"पण लिओफ्रिकच का?" राजीवनं विचारलं. "रमेश-सुरेश नको म्हणून?"

सीमा कसनुशी हसली. "सांगितलं तर वेडी म्हणाल. ब्रॉडगेटच्या चौकात हॉटेलवर मोठ्या अक्षरांत ते नाव होतं ना, बस रोज तिथनं जायची. आपल्याला कुठे ठाऊक तो कोण जुना सरदार, अर्ल होता नि काय. मी ते अक्षरांवरून वाचायचे, मनातल्या मनात, लोभ्रिक. लोभ. आणि त्याच सकाळी वहिनीचं पत्र आलं होतं, माझ्या एप्रनच्या खिशात होतं. शेवटी नेहमीसारखं, 'लोभ असावा.' दिवसभर मी खिशात हात घालून ते पत्र चाचपत होते. त्या पोराकडे बघितलं आणि वाटलं, बाकी काही नाही तरी ह्याच्यावर कुणाचा तरी लोभ असावा. बस. एवढंच. अडाणी पोरीनं पाटी चुकीची वाचली आणि एका माणसाचं नाव ठरलं. आणि त्यापायी त्याचा दात पडला."

राजीव म्हणाला, "अगं, तीस वर्षं ज्या खांबावर त्यानं छप्पर टाकलंय, तो खांब काढू नकोस. तुझं मन हलकं होईल, त्याचं घर पडेल."

"आणि उद्या मुलालाही तेच सांगेल तो? आजीनं दिलंय म्हणून?"

राजीव उठून बागेत मेथीला पाणी घालायला गेला. पाऊस पडून गेला होता तरी.

पुढचे चार दिवस सीमा घरात असून नसल्यासारखी वावरली. भाजी करपली. खिडकीशी बसली तर एकही बाळ येईना. बागेत नुसतं पांढरं धुकं. पाचव्या दिवशी तिनं कोट चढवला आणि बस पकडून सेंट्रल लायब्ररी गाठली. तिला काय करायचं ते अजून सुचलं नव्हतं. पण ज्या नावासाठी एवढं रामायण झालं त्याचा खरा अर्थ तरी आपल्याला माहीत असावा, इतकं तिला वाटत होतं.

काउंटरवर दाढीवाला एक गृहस्थ होता. पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच राहिलेली. तिनं नाव सांगितल्यावर तो खुशीत आला. जणू दिवसभर ह्याच प्रश्नाची वाट बघत होता.

"सॅक्सन नाव," तो म्हणाला. "नॉर्मन लोक यायच्या आधीचं. ही जर्मानिक नावं म्हणजे वाक्यं नसतात हं, मॅडम. दोन चांगले शब्द घ्यायचे आणि जोडायचे. कधी एक शब्द बापाच्या नावातला, दुसरा आजोबांच्या. पुढे ते जॉन, विल्यम असली नावं आली आणि ही मागे पडली. मधे व्हिक्टोरियाच्या काळात काही परत आली. हे फारसं आलं नाही, बिचारं." त्यानं आतून दोन जाडजूड कोश आणले, पान काढून दिलं आणि फोन वाजला म्हणून निघून गेला.

सीमानं चष्मा लावला. अक्षर मुंगीएवढं. पहिला शब्द 'लेओफ': प्रिय, लाडका, ज्याच्यावर जीव आहे असा. दुसरा 'रीच': सत्ता, राज्य, राजाचं बळ. तिनं वहीत लिहून घेतलं. लाडका राजा. चांगलं आहे की, तिला वाटलं. निदान वाईट तरी नाही.

मग तिनं खालच्या ओळी वाचल्या. तिथे त्या शब्दाचे नातेवाईक दिले होते, एकापुढे एक. जर्मनमधला अमुक, गॉथिकमधला तमुक, लॅटिनमधला आणखी एक. आणि ओळीच्या शेवटी: संस्कृत, लुभ्.

तिनं बोट त्या शब्दावर ठेवलं. मग बोट उचललं. शब्द जागचा हलला नव्हता.

कुठून तरी खडूचा वास आला. सांगलीची शाळा, दुसरा बाक, खिडकीतून येणारं चिंचेच्या झाडाचं हलतं ऊन, आणि पंचवीस मुलींचा एका सुरातला आवाज. "लुभ्, चौथा गण, परस्मैपद," सीमा ओठांतल्या ओठांत म्हणाली. "लुभ्यति, लुभ्यतः, लुभ्यन्ति." संस्कृतच्या बाई सांगत, लोभ हा सहा शत्रूंपैकी एक, त्याच्यापासून जपा. आणि घरी पत्र आलं की त्याच शत्रूला शेवटच्या ओळीत हात जोडून बोलावलेलं असायचं. असावा, वाढावा.

दुसऱ्या कोशात 'रीच' पाहिला. तिथेही तसंच, लॅटिन, जुनी आयरिश, आणि शेवटी राजन्.

म्हणजे अडाणी पोरीनं पाटी चुकीची वाचली नव्हती. धुक्यातल्या बसमध्ये, परक्या गावात, मुकी होऊन बसलेल्या त्या मुलीला एका पाटीतून घरचा शब्द ऐकू आला होता आणि तो खरोखरच तिथे होता. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा माळावर एकाच घरात राहिलेली माणसं. त्यातली काही पूर्वेला गेली, काही पश्चिमेला. जाताना दोन्हीकडच्यांनी हा एवढा शब्द गाठोड्यात बांधून घेतला असेल. सीमाला ती माणसं चालताना दिसली. बायांच्या पाठीवर मुलं होती. त्यांचे चेहरे मात्र धुक्यात होते.

"मॅडम, बरं वाटत नाही का?" लायब्रेरियन विचारत होता. "पाणी आणू?"

"नको," सीमा म्हणाली. "ह्या पानाची फोटोकॉपी मिळेल?"

रविवारी राजीवनं तिला गाडीतून हॉक्सबरीला सोडलं. "मी इथे पबच्या समोर थांबतो," तो म्हणाला. "लागलो तर हाक मार." खांबाबद्दल तो काही बोलला नाही.

तिथे दोन कालवे एकमेकांना मिळतात. पाण्यावर लोखंडी कमानीचा पूल, काठाला ओळीनं बांधलेल्या अरुंद, लांबलचक बोटी. त्यांच्या धुराड्यांतून लाकडाचा धूर सरळ वर जात होता. पाणी इतकं स्थिर की बोटी दोन-दोन दिसत होत्या, एक सुलटी, एक उलटी. लिओफ्रिक हिरव्या बोटीच्या छतावर बसून काहीतरी रंगवत होता. तिला पाहून खाली उडी मारून आला.

केरी गावात गेली होती. आत शेगडीजवळ छान ऊब होती. सीमानं कोट काढला नाही. बसली आणि ज्या गोष्टीला तीस वर्षं तोंड फुटलं नव्हतं, ती चार वाक्यांत सांगून टाकली. कुणी मुलगी कुणाला दिसली नव्हती. कुणी काही बोललं नव्हतं. नाव मी ठेवलं. माफ कर.

शेगडीत एक लाकूड खचलं.

"म्हणजे तिनं काहीच दिलं नाही," अखेर तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, आणि सीमाला तेच सोसेना. तो उठला, दार उघडून बाहेर गेला. खिडकीतून तिला दिसलं, तो तिथल्या छोट्या लॉकपाशी जाऊन त्याच्या लाकडी आडव्या दांड्याला टेकून उभा राहिला. दोन कालव्यांच्या पाण्यात तिथे जेमतेम फूटभराचा फरक. तेवढ्यासाठी दोन दरवाजे.

सीमाला वाटलं, आता निघावं. पण ती उलट त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"ऐक," ती म्हणाली. "आत्तापर्यंत मी तुला जे ऐकलं नव्हतं ते सांगितलं. आता जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. हे मी कुणाकुणाच्या बाळांच्या बाबतीत हजारदा पाहिलंय, त्यामुळे मला कळतं. तू आलास तेव्हा तुझं पोट भरलेलं होतं. ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं. ठेवून जाण्याआधी तिनं तुला पाजलं होतं. त्याला वेळ लागतो, पहिल्यांदा पाजताना तर फारच. तुझी नाळ बांधलेली होती, पांढऱ्या सुती दोऱ्यानं. एक गाठ नव्हे, दोन, मधे बोटभर अंतर सोडून. दोरा उकळून घेतलेला होता, कडक झाला होता. एकटी असेल, भ्यालेली असेल, वयानं किती असेल देव जाणे. पण तिनं कुठून तरी वाचून, विचारून हे शिकून घेतलं होतं. घाईत टाकलेली मुलं मी पाहिली आहेत, बाळा. ती अशी नसतात."

तो पाण्याकडे बघत होता.

"आणि त्या दिवशी गावात वीज तरी कुठे धड होती? रस्त्यावर एकच दुकान उबदार होतं. ड्रायर नुकताच थांबलेला होता असं पोलीस म्हणाला, आणि टॉवेल गरम होता. तुझी पाठ हाताला ऊन लागत होती. इतकं हिंडून तिनं ती जागा शोधली. हे तिनं दिलं. नाव माझं आहे. तुला नको असेल तर टाकून दे, मला राग येणार नाही."

त्यानं वळून विचारलं, "मग तुम्ही हेच का निवडलं?"

सीमानं पर्समधून फोटोकॉपी काढली. वाऱ्यावर कागद फडफडत होता, तो दोघांनी दोन कोपऱ्यांत धरला. तिनं 'लुभ्' दाखवला. लोभ म्हणजे काय ते सांगताना मात्र तिची पंचाईत झाली. इंग्रजीत एक शब्द सापडेना. "लव्ह नाही," ती म्हणाली. "लव्हपेक्षा जरा कमी बोलणारं. आपण पत्राच्या शेवटी मागतो ते. की मी दूर आहे, पण मला मनातून काढू नका." मग वहिनीचं पत्र, ब्रॉडगेटची पाटी, एप्रनचा खिसा, सगळं ओघानं आलं. आणि पीटर फॉगही आला.

"पीटर फॉग?" लिओफ्रिक म्हणाला.

"हो."

त्याच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं, पण डोळे भरून आले होते. त्यानं तोंड फिरवलं. "मला थोडा वेळ हवाय, मिसेस पेंडसे," तो म्हणाला. कागद मात्र त्यानं घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

गाडीत राजीवनं विचारलं, "पडलं का घर?"

"माहीत नाही हो," सीमा म्हणाली आणि घर येईपर्यंत रडत होती.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. ना फोन, ना पत्र. सीमानं स्वतःहून विचारपूस केली नाही. त्यानं वेळ मागितला होता आणि वेळ म्हणजे वेळ. जानेवारीच्या अखेरीला एक कार्ड आलं. मुलगी झाली. नाव डेझी. सोबत केरीचं वेड्यावाकड्या अक्षरातलं एक वाक्य: "अर्थबिर्थ काही नाही, मला आवडलं म्हणून." आणि खाली निळ्या शाईत, तेच ठसठशीत अक्षर: "सध्या फार थंडी आहे. एप्रिलमध्ये बोट गावात आणतो. तेव्हा या." सही पूर्ण नावाची होती. ली नव्हे.

एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, हिरवी बोट कॉव्हेंट्रीच्या कॅनॉल बेसिनला, कालवा संपतो त्या धक्क्याला, लागली. तेहेतीस वर्षं सीमा ह्या गावात राहिली होती, पण गावाच्या पोटातून असं पाणी वाहतंय हे तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. केरीनं डेझीला सरळ राजीवच्या हातात दिलं आणि चहा टाकायला गेली. राजीव आकसून बसला, हातात मोजमापाबाहेरचं काही आल्यासारखा. पाच मिनिटांनी तो त्या पोरीशी मराठीत बोलत होता.

"तुम्ही मागे या," लिओफ्रिकनं सीमाला हाक मारली. "चालवणार का?"

"मी? अरे, मला गाडीसुद्धा येत नाही!"

"ते तर बरंच आहे. गाडी येणाऱ्यांना हे जमत नाही. डावीकडे जायचं असेल तर दांडा उजवीकडे ढकलायचा. उजवीकडे जायचं तर डावीकडे. आणि घाई करायची नाही. ती उशिरा ऐकते, पण ऐकते."

सीमानं सुकाणूचा पितळी दांडा धरला. तो उन्हानं तापला होता आणि बारीक थरथरत होता. बोट चालायला लागली, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. गाव पाठमोरं दिसत होतं: कारखान्यांच्या मागच्या विटांच्या भिंती, कुणाच्या परसातली वाळत घातलेली चादर, शेडच्या छतावर झोपलेलं मांजर. ओळखीचे रस्ते वरून पुलांवरून निघून जात होते आणि खाली त्यांचा नुसता आवाज येत होता. लिओफ्रिक तिच्या शेजारी उभा होता. मधेच दांड्याला बोट लावायचा आणि परत काढून घ्यायचा.

"तो शब्द परत म्हणून दाखवा," तो म्हणाला. "पत्रातला."

"लोभ असावा."

"लोब असावा," तो म्हणाला.

"भ. पोटातून येऊ दे. भ."

"लोभ," तो म्हणाला, आणि बऱ्यापैकी जमलं.

पुढे कालवा वळला. वळणावर एक जुना विटांचा पूल होता, इतका बुटका की बोट त्याच्याखालून जाईल असं सीमाला वाटेना. कमानीच्या पोटावर पाण्याचं ऊन नाचत होतं. तिनं दांडा डावीकडे ढकलला. काहीच झालं नाही. मग बोटीचं ते लांबच लांब नाक सावकाश, विचार करून, उजवीकडे वळायला लागलं.

"आता?" तिनं विचारलं.

"आता धरून ठेवा," तो म्हणाला. "आणि डोकं खाली घ्या."